तिच्या वजनाची वाळू

८ जानेवारी

ताई,

फोन करू नकोस, लागणार नाही. तो जळक्या ऑइलच्या पिंपात गेला. पडला नाही, मीच टाकला. गॅरेजच्या मालकांनी चिमट्याने वर काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "घे, आता कधीच गंजणार नाही."

कारण तुला माहीत आहे. तुमच्या मासिकाचं नवं पान त्या फोनवर उघडलं आणि फोटो दिसला. लाल स्पोर्ट्स कार, चाकामागे तो दातांचा डॉक्टर, शेजारी ती, मांडीवर वेळ मोजायचं यंत्र. हसतेय. खाली तुम्ही छापलंय, 'या महिन्याची पाहुणी.' पाहुणी गाडी की ती, तेवढं एकदा स्पष्ट करा.

कॉलेजात तीन वर्षं ती माझ्या शेजारच्या बाकावर होती. माझी अर्धी जर्नलं तिच्या अक्षरातली आहेत. मी वर्कशॉपच्या सरांसमोर पाना आपटून निघून आलो नसतो, तर शेवटचं वर्षही शेजारीच गेलं असतं. ती शिकली, तुझ्या शब्दावर तुमच्याकडे गाड्यांच्या चाचण्या घ्यायला लागली, आणि मी इथे दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठ टेकून असतो. याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. सरांना लावतो फक्त.

पण डॉक्टर काय म्हणतो ते तुम्ही ठळक अक्षरांत छापलंय: 'शेळीच्या गळ्यात घंटा बांधली म्हणून ती घोडा होत नाही, तसंच छोट्या गाडीला टर्बो.' ताई, त्याला सांग, दातांत बोटं घालावीत, इंजिनात घालू नयेत. टर्बो म्हणजे घंटा नव्हे. इंजिनाचा जो धूर वाया जातो त्यानेच एक चक्री फिरवायची आणि त्या चक्रीने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. फुकटची ताकद. त्याची गाडी जोरदार आहे, मान्य. पण वजन माझ्या गाडीच्या दुप्पट. पैलवान कितीही तगडा असो, जिना पळत चढायचा म्हटलं की किडकिडीत पोरगं पुढे जातं.

तुम्ही मासिकवाले तुलना करता ना? मग करा. त्याची ती लाल आणि माझी ही पांढरी, काटकसरी माणसांसाठी बनवलेली. वेळ तिनेच मोजावी. मला तिच्या तोंडून आकडा ऐकायचाय.

भुंग्या


१७ जानेवारी

भुंग्या,

तुझं पत्र ऑइलच्या वासासकट पोचलं. पोस्टमनने ते दोन बोटांत धरून दिलं.

आमच्या संपादकांना मी कल्पना सांगितली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, म्हणजे पसंत पडली. 'हलकी टर्बो विरुद्ध जड स्पोर्ट्स' असा लेख मार्चच्या अंकात जाईल. डॉक्टरही तयार आहे. तू वाक्यावर चिडलास हे कळल्यावर तो खूश झाला. त्याच्याकडे येणारी माणसं सहसा तोंड उघडून गप्प असतात, त्यामुळे कुणी उलट उत्तर दिलं की त्याला बरं वाटतं.

जागा शहराबाहेरची जुनी धावपट्टी. विमानं केव्हाच बंद झाली, आता आम्ही आणि भटकी कुत्री. धावा तीन. पहिली उभ्या जागेवरून. दुसरी चालत्या गाडीतून, दोन्ही गाड्या एका वेगात शेजारी आल्या की निशाण पडतं. तिसरी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमची रीत अशी की प्रत्येक गाडीत दोन माणसं: एक चालवणारा, एक शेजारी बसून नोंद करणारा. दोन्हीकडे वजन सारखं हवं.

तू जिचं नाव एकदाही लिहिलं नाहीस ती बरी आहे. तू येणार म्हटल्यावर विचारत होती, "अजून तसाच तापतो का?" मी म्हटलं, "टर्बोच तो. पाय दाबला की क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम." ती खूप वेळ हसली. मग म्हणाली, "त्या क्षणभरातच तो चांगला असतो." याचा अर्थ मला सांगायला लावू नकोस, मी फक्त निरोपी.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ये. त्यानंतर आमच्याकडची माणसं थोडी इकडेतिकडे होणार आहेत.

तुझे भाऊजी जहाजावर आहेत, उन्हाळ्याशिवाय येत नाहीत. घरी आल्यावर कुकर बोलतो तेवढंच. तेव्हा लिहीत जा, भांडणाचं का असेना.

तुझी ताई


२९ जानेवारी

ताई,

गाडी सोलतोय. मागची सीट, गालिचा, जास्तीचं चाक, दारांच्या आतले पत्रे, छताचं कापड, रेडिओ, सगळं खाली. भंगारवाल्याच्या काट्यावर तिला चढवली. तो म्हणाला, "विकायची का?" मी असं पाहिलं की त्याने पुन्हा विचारलं नाही.

मालक रोज संध्याकाळी येऊन बघतात. परवा म्हणाले, "एवढी सालं काढतोयस, गाडी आहे की कांदा?"

मी म्हटलं, "कांदाच. पाणी डॉक्टरच्या डोळ्यांत येणार."

"कांदा कापतो त्याच्याच डोळ्यांत येतं रे," म्हणाले आणि शटर ओढून गेले.

टर्बोचा दाब वाढवलाय. किती ते तुला सांगत नाही, तू छापशील. इंजिनाला झेपेल असं मला वाटतं. गाडीला काय वाटतं ते तिथे कळेलच.

आज शेजारची सीटही काढली. केवढी जड असते ती, लोखंडी रुळांसकट. लोक उगाच घेऊन फिरतात. तुमच्या रीतीचं म्हणशील तर माझ्या गाडीत नोंद करणारा नको. त्याच्या वजनाची वाळू टाका. माणसापेक्षा वाळू बरी, हलत नाही आणि टोमणे मारत नाही. ती डॉक्टरच्या गाडीत बसणार हे मला ठाऊकच आहे. तिथे गादी मऊ आहे.

सीट टाकून द्यायचा जीव झाला नाही. पत्र्याच्या जिन्यावरून वर खोलीत ओढत आणली आणि खिडकीपाशी ठेवली. खोलीत खुर्ची नव्हतीच. आता कुणी आलं तर बसायला जागा आहे. येतंय कोण म्हणा. खिडकीतून शेजारच्या गोदामाची भिंत दिसते. रविवारी गॅरेज बंद असतं तेव्हा इथे इतकं शांत असतं की खालच्या नळाचं टपटपणं वर ऐकू येतं. ते दुरुस्त करता येईल मला, दोन मिनिटांचं काम आहे. करत नाही.

ती म्हणाली त्याचा अर्थ काय गं? 'त्या क्षणभरातच.' मी तो भाग बऱ्याचदा वाचला.

भुंग्या


५ फेब्रुवारी

भुंग्या,

चाचणी चौदा तारखेला, सकाळी. धुकं उतरल्यावर.

सीट परत बसव. कारण विचारू नकोस, मी शब्द दिलाय म्हणून लिहीत नाही. थोडं वजन वाढलं तर वाढू दे. एकदा तरी मोठ्या बहिणीचं ऐक.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

तुला न भेटता निघालो म्हणून रागावली असशील. मालकांचं काम अडलं होतं, संध्याकाळच्या आत पोचणं भाग होतं.

सीटचं तुझं पत्र वेळेत मिळालं होतं. मला वाटलं तूही डॉक्टरच्या बाजूची. वजन वाढवायला सांगतेस म्हणजे काय समजायचं माणसाने?

पहिली धाव मी हरलो. दाब वाढवलेला, पुढची चाकं जागच्या जागी गरगरली आणि नुसता धूर. त्याची गाडी रुंद टायरांवर जड बसलेली, ती जमिनीला धरून गेली. कबूल. उभ्या जागेवरून वजनदार गाडीचाच फायदा. पण दुसऱ्या धावेत? निशाण पडलं, मी पाय दाबला, टर्बोची शीळ कानात आली आणि डॉक्टर आरशात गेला. तिसऱ्या धावेतही पट्टी संपेपर्यंत मी पुढे. शेवटी तो अंतर कापत होता, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पट्टी आणखी लांब असती तर त्याने गाठलंच असतं. पण पट्टी होती तेवढीच होती.

तुमच्या माणसांनी वाळूची पोती नीट बांधली नव्हती. वळताना एक माझ्या कोपरावर येऊन टेकलं.

ती बरी दिसत होती. केस कापलेत. बोलायला वेळ मिळाला नाही.

आकडे तिने नीट लिहिलेत ना? मार्चचा अंक पाठव. जिंकलो ताई. मालकांना सांगितलं, ते म्हणाले, "बरं झालं," आणि मला एका जुन्या गाडीचा सायलेन्सर उतरवायला दिला. दुसऱ्या कुणाला सांगायचं ते सुचेना, म्हणून आई झोपायच्या आत घरी जाऊन तिला सांगितलं. तिने विचारलं, "बक्षीस काय मिळालं?"

भुंग्या


२४ फेब्रुवारी

भुंग्या,

वेळ मिळाला नाही असं तू मला लिहितोस. मी निशाण हातात घेऊन तुझ्या गाडीच्या मागेच उभी होते, विसरलास वाटतं.

ती तुझ्या खिडकीपाशी आली. म्हणाली, "मी कुठे बसू?" तू समोर बघत म्हणालास, "तुझी जागा ठरलेली आहे. तिकडे बस." मान वळवली नाहीस. वळवली असतीस तर दिसलं असतं की तिने आपलं यंत्र, पाण्याची बाटली, स्वेटर सगळं काखोटीला मारून आणलं होतं. माणूस वाट विचारायला आलं की बसायला आलं, हे सामानावरून कळतं.

मग तिने आत पाहिलं. नुसता पत्रा आणि बोल्टांची चार भोकं.

आमच्याकडे ज्या गाडीत माणूस बसत नाही तिच्यात त्या माणसाच्या वजनाची वाळू ठेवतात. माझ्या माणसांनी बांधली नाही ती. तिने स्वतः काट्यावर उभं राहून आपलं वजन पाहिलं, तेवढी वाळू भरली, तुझ्या शेजारी ठेवली आणि जाऊन डॉक्टरच्या गाडीत बसली. मी म्हटलं, "अगं, कुणाकडून तरी भरून घे." म्हणाली, "माझं वजन आहे, मीच भरते."

आता मी दिलेला शब्द संपला, म्हणून सांगते. एका टायर कंपनीचं चाचणीचं मैदान आहे, इथून फार लांब, पठारावर. तिला तिथे नोकरी आली होती. होकाराचा कागद तिच्याकडे पडून होता. जायचं की नाही ते तिला तुझ्याशी बोलून ठरवायचं होतं, आणि ते तुला आधी कळता कामा नये असं तिने मला बजावलं होतं. "कळलं तर तो दबाव समजेल आणि तापेल. त्याला आपणहून काय वाटतं ते बघू दे." तिने जागाही निवडली होती. टर्बोची गाडी पळवल्यावर लगेच बंद करायची नसते, थंड होईपर्यंत हळू परत आणावी लागते, हे तुला मी सांगायला नको. ती म्हणाली होती, "येताना तो हळूच आणेल. तेवढ्यात बोलून घेईन."

तू परत आणलीच नाहीस. पट्टीच्या टोकाच्या फाटकातून तसाच बाहेर पडलास. डॉक्टरची गाडी वळून परत आली, ती उतरली, आकडे माझ्या हातात दिले. एकही खाडाखोड नव्हती. त्या फाटकाकडे बघत तिने बराच वेळ स्वेटरची बाही उलटी-सुलटी केली. मग चहा मागितला.

आणि डॉक्टर. डॉक्टरला बायको आहे, दोन मुली आहेत, त्याच्या गाडीच्या फटींतून केसांच्या पिना निघतात. हे तू विचारलं असतंस तर एका ओळीत सांगितलं असतं. तू 'गादी मऊ आहे' असं लिहिलंस आणि मी ते थट्टेवारी नेलं. तेवढं माझं चुकलं.

रविवारी गेली. स्टेशनवर मी एकटीच होते पोचवायला. आता ऑफिसात तिचं टेबल माझ्यासमोर रिकामं आहे, संपादक त्यावर जुने अंक ठेवायला लागलेत.

पत्ता खाली लिहिते. दे असं ती म्हणाली नाही. देऊ नको असंही म्हणाली नाही.

ताई


४ मार्च

ताई,

हे पत्र पठारावरच्या त्या मैदानाच्या भिंतीला टेकून लिहितोय. कागद चहाच्या टपरीवाल्याने दिला, मागच्या बाजूला त्याचा हिशेब असेल तर वाचू नकोस.

तुझं पत्र वाचून मी काय केलं ते विचारू नकोस. काहीच फोडलं नाही. मालकांकडे सुट्टी मागितली. ते म्हणाले, "कशासाठी?" मी म्हटलं, "वैयक्तिक." म्हणाले, "मग जा, पण गाडी इथेच ठेव. वैयक्तिक कामाला माणसाने बसने जावं." दोनदा बस बदलून आलो. हवा इतकी विरळ आहे की फाटकापर्यंतचा चढ चालताना दम लागला.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "कोण पाहिजे?"

"वेळ मोजणाऱ्या बाई."

"नात्यातले का?"

"वर्गातला."

"कुठल्या वर्गातला? वय काय तुमचं?"

एरवी मी त्याला वय दाखवलं असतं. या वेळी तू लिहिलेला पत्ता पुढे केला. त्याने आत निरोप धाडला. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली. हातात हेल्मेट, कपाळावर त्याचा वळ. मला पाहून थांबली आणि मग आली.

"कशाने आलास?"

"बसने."

"तू आणि बस. किती कंडक्टरांशी भांडलास?"

"एकाशीच. त्याचीच चूक होती."

ती हसली. तिथे एक सिमेंटचा ओटा आहे, त्यावर बसलो. मी सगळं बोललो, ताई. इंजिनाचं एक अक्षर न काढता. जर्नलांपासून सुरुवात केली, फोटोपर्यंत आलो, खिडकीपाशी मी काय म्हणालो ते मीच म्हणून दाखवलं, आणि शेवटी जे पहिल्या वर्षीच म्हणायला हवं होतं ते म्हणालो. ती हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत ऐकत होती.

मग म्हणाली, "त्या दिवशी म्हणाला असतास तर मी तो कागद फाडला असता. पर्समध्येच होता."

"आणि आता?"

"आता सही झालीय."

"सही मोडता येते."

"येते. मला मोडायची नाही." पट्टा सोडवत म्हणाली, "मला इथे बरं वाटतंय रे. सकाळी उठल्यावर आज कोण कुणावर चिडलंय हे डोक्यात येत नाही. कितीतरी वर्षांनी असं झालंय."

"मी बदलेन."

"बदल ना. माझ्यासाठी कशाला?"

मी म्हटलं, "तू वाट बघितलीस त्या दिवशी, ताईने लिहिलंय."

"हो. बघितली. त्याआधी तीन वर्षंही बघितली. आता दमले." हे तिने रागाने म्हटलं नाही. बस चुकलेल्या माणसाला पुढच्या बसची वेळ सांगावी तसं म्हटलं.

ताई, मला राग आला नाही. यायला हवा होता असं वाटून मी थोडा वेळ त्याची वाटही पाहिली. आला नाही. आतून भोंगा झाला. ती उठली, मला म्हणाली, "जेवून जा, पुढे रस्त्यात काही मिळत नाही," आणि हेल्मेट चढवत आत गेली. फाटकातून वळून हात केला. पहारेकऱ्यालाही केला. दोन्ही सारखेच वाटले.

परतीची बस संध्याकाळी आहे. भिंत उंच आहे, आतलं काही दिसत नाही. फक्त गाड्या जाताना ऐकू येतात. आत्ता गेली ती हलकी, टर्बोची. शीळ आधी आली, गाडी मागून. तिच्यामागे जड, सहा सिलिंडरची, चौथ्या गिअरमध्ये घ्यायला हवी होती, चालवणाऱ्याने तिसऱ्यातच ताणली. कुठली गाडी ते मी टपरीवाल्याला ऐकून सांगतो, आणि दुपारी बाहेर आलेल्या एका ड्रायव्हरला विचारून त्याने पडताळूनही घेतलं. अजून एकही गाडी चुकली नाही. तो म्हणतो, तुम्हाला आत नोकरी द्यायला पाहिजे.

तिच्या शेजारच्या माणसाला ती आत्ता आकडे वाचून दाखवत असेल. कुठल्या गाडीत बसलीय, ते मात्र आवाजावरून कळत नाही.

भुंग्या